तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅनोडाइझ केलं तरी डाग का पडतात?

भोसरीत अ‍ॅनोडायझिंगच्या लाइनवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर चढवायच्या कामावर आहे म्हटलं की हा प्रश्न ठरलेला, "अहो 25 मायक्रॉन जाडीचा थर घेतला होता, तरी अलिबागच्या घराच्या खिडक्यांवर पांढरे ठिपके आले, असं कसं?" मी उलट विचारतो, थरातली भोकं मिटवायचं सीलिंग कसं केलं होतं? तर समोरचा गप्पच, कारण पार्टी मायक्रॉन मोजून घेते, सीलिंगचं कोणी विचारतच नाही.

सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या बाथमधून जॉब (अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा) निघतो तेव्हा ऑक्साइडच्या थरात काही नॅनोमीटर रुंदीची कोट्यवधी उभी भोकं असतात. रंग भरायला ती लागतातच, पण उघडी राहिली तर समुद्राच्या हवेतलं क्लोराइड त्यातूनच आत शिरतं. 96 अंशाच्या वरच्या पाण्यात जॉब ठेवला की ऑक्साइड पाणी धरतं, त्याचं बोहेमाइट (पाणी धरलेलं ऑक्साइड) होतं, फुगतं आणि तोंडं मिटतात. पण मायक्रॉनमागे 2-3 मिनिटं द्यावी लागतात, म्हणजे 25 मायक्रॉनला तासभर तरी, जवळजवळ थर चढवायला लागतो तेवढाच वेळ, आणि टाकी उकळत ठेवायचं बिल वेगळं, मग लोकं काय करतात ते तुम्हीच समजा. त्यात बोअरचं पाणी असेल तर संपलंच, सिलिका आणि फॉस्फेट सीलिंग होऊच देत नाहीत, डीआय (क्षार काढलेलं) पाणीच पाहिजे.

निकेल फ्लोराइडचं कोल्ड सील 25-30 अंशाला होतं, वीज वाचते. वाईट नाही ते, पण बाथचा पीएच आणि फ्लोराइड रोज बघणारा माणूस हवा, आणि त्यानंतर गरम पाण्यात एक डिप दिलेली बरी. विमानाच्या 2024 नंबरच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूत 4 टक्क्यांच्या आसपास तांबं, तिथे थरच कच्चा येतो, म्हणून डायक्रोमेट सील चालायचं, पण त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोम कॅन्सरवालं, आता कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमकडे वळतायत.

माल घेताना डाय टेस्ट (रंगाची चाचणी) करून मागा. अ‍ॅसिडचा थेंब मिनिटभर, पुसून रंगाचा थेंब मिनिटभर, मग धुवून घासायचं. डाग निघाला तर सील चांगलं, गडद राहिला तर लॉट परत. आमच्याकडे सुपरवायझर टेस्ट केलेला तुकडा खिडकीजवळ नेऊन बघतो, ट्यूबलाइटखाली फिकट डाग फसवतो म्हणे.

आणि एक, सिमेंटचा गिलावा ओला लागला तर कितीही भारी सील असू दे, अल्कली थरच खाते. काम संपेपर्यंत फ्रेमवरची टेप काढू देऊ नका गवंड्याला.