आमची वाटचाल : शंभर मण्यांची माळ आणि कोपीतली झोळी

केजला आमचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं शेड, दोन खराद मशीन, तीन शिलाई मशीन आणि आम्ही सात माणसं. प्राथमिक शाळांसाठी गणितमाळा, दशकाचे दांडे, अक्षरपट्ट्या असं लाकडी साहित्य आम्ही बनवतो. दसरा जवळ आला की त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठीच्या झोळ्यांची भर पडते. त्या झोळ्यांविषयी मला जास्त सांगायचं आहे, पण सुरुवात मण्यापासूनच करावी लागेल.

आमचं घर सुताराचं. आजोबांना गावात बलुतं होतं. औत, तिफण, बैलगाडीची चाकं ते करायचे. बाबांच्या काळात ट्रॅक्टर आले, बलुतं गेलं, आणि बाबांनी जुनं खराद मशीन विकत घेऊन लाटणी-पोळपाट आणि पलंगाचे पाय कातायला सुरुवात केली. मी डी.एड. केलं ते शिक्षिका व्हायचं म्हणून. पण शिक्षकभरती वर्षानुवर्षं बंद होती. त्यात 2016 चा दुष्काळ. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. अशा वर्षी नवा पलंग कोण करणार? बाबांचं मशीन महिनोन्‌महिने झाकून होतं. मी गावच्या जिल्हा परिषद शाळेत मदतीला जायचे, मानधनाशिवाय, कारण घरात बसवत नव्हतं.

तिथे तिसरीतली एक मुलगी होती. हुशार, तोंडी हिशेब पटापट करणारी. एक दिवस मी म्हटलं, सत्तेचाळीस लिही. तिनं लिहिलं 74. पुन्हा सांगितलं, पुन्हा 74. मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि विचारलं, आधी सात का लिहिलास? ती म्हणाली, “मॅडम, तुम्हीच आधी सात म्हनलात की.”

तिचं बरोबर होतं. आपल्या भाषेत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि चाळीस मागून, लिहिताना मात्र चार आधी. एकोणतीसचं तर त्याहून अवघड. नावात तीस आहे आणि लिहायचे 29. कितीतरी लेकरं 39 लिहितात, आणि आपण त्यांना ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांच्या बाजूची होते आणि आजही आहे. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामं पाठ करण्यात लेकरू गुंतून पडतं आणि संख्या कशी बनते ते राहूनच जातं.

पण त्या दिवशी माझ्याजवळ पुस्तक नव्हतं, काही नव्हतं. घरी येऊन बाबांना विचारलं, मणी कातता येतील का? बाबांनी मशीनवरचं पोतं काढलं. सागवानाची गोल दांडी कातली, मधून भोक पाडलं आणि पट्टीनं मोजून चकत्या केल्या. रात्री अकरापर्यंत शंभर मणी झाले. दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, अशी सव्वा मीटरची माळ मी ओवली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी चार दशक ओलांडून पुढे सात मणी मोजत गेली, बोट तिथेच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पाटीवर 47 लिहिलं. मग मी एकोणतीस म्हटलं. ती तिसाव्या मण्यापर्यंत गेली, थांबली आणि एक मणी मागे आली. “एक उणा तीस,” असं माझ्याकडे न बघता स्वतःशीच म्हणाली. आमचा धंदा तिथे सुरू झाला, 2017 च्या ऑगस्टमध्ये.

मुद्रा योजनेतून शिशु गटातलं 50 हजारांचं कर्ज घेतलं. पहिली ऑर्डर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या जिल्हा परिषद शाळांची, चाळीस माळांची. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत स्वतः माळ दाखवली म्हणून ती मिळाली. तीन आठवड्यांत सगळ्या चाळीस परत आल्या. आम्ही बाजारातल्या पुडीचा रंग वापरला होता. लेकरांच्या घामेजल्या हातांना तो लागला, एका लहानग्यानं मणी तोंडात घातला आणि त्याची जीभ लाल झाली. त्याच्या आईनं शाळेत येऊन जे सुनावलं ते रास्तच होतं. लेकराच्या हातात आपण काय देतो याचा विचार आधी करायला हवा होता. मला चार दिवस जेवण गेलं नाही.

मार्ग बाबांनी काढला. त्यांनी सागवानाचा एक तुकडा आणि बाभळीच्या गाभ्याचा एक तुकडा शेजारी ठेवला. एक फिका पिवळसर, दुसरा गडद तांबूस. “रंग लाकडातच हाय. वरून कशाला लावायचा?” तेव्हापासून आमची माळ सागवान आणि बाभळीची असते. वरून फक्त जवसाच्या तेलाचा हात. सागवान दारं-चौकटी करणाऱ्यांकडच्या उरलेल्या तुकड्यांतून येतं, बाभूळ इथल्या बांधावरची. त्या चाळीस माळा आम्ही बदलून दिल्या आणि त्यातल्या बहुतेक शाळा अजून आमच्याकडूनच घेतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थी किती यावर ठरतं. वीस-पंचवीस पटाच्या वस्तीवरच्या शाळेकडे साहित्यासाठी उरतं ते फार थोडं. म्हणून आमचा दर कमी आहे आणि कमीच राहील. एका मोठ्या संस्थेनं आमचं बिल चौदा महिने अडकवलं होतं. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण कायदा दाखवायला गेलो तर पुढची ऑर्डर जाते हे आमच्यासारख्यांना ठाऊक असतं. त्या वर्षी आईनं तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. पुढे सोडवल्या.

आता झोळी. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते शाळेच्या हजेरीपटावर कसं दिसतं ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळीच्या सुमाराला वर्ग अर्धा होतो. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्याकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात, आणि गाडीत भांडी, पीठ, शेळी यांच्यासोबत लेकरंही चढतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे टोळी जाईल तिथे. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास, कधी त्याहून उशिरा. हंगामी वसतिगृहं आहेत, ज्यांच्या आज्या घरी आहेत ती लेकरं राहतातही. पण तान्ह्या भावंडाला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण लागतेच. माझी 47 लिहिणारी मुलगी अशीच त्या दिवाळीत गेली. एप्रिलमध्ये आली तेव्हा आधी वाचता येत होतं तेवढंही ती अडखळत वाचत होती.

मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. शाळा सुटलेल्या लेकराला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. चांगला कायदा आहे. पण पाच महिने लेकराच्या हातात काहीच नसेल तर एप्रिलमध्ये गुरुजी किती भरून काढणार? लेकरू जातंय तर त्याच्याबरोबर थोडी शाळाही गेली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आधी आम्ही पेटी केली, प्लायवूडची, सुबक. 2019 ला बारा दिल्या. एक आई म्हणाली, “बाई, पेटी ठिवू का भांडी ठिवू?” तिच्या कोपीत मी गेले नव्हते म्हणून मला ते सुचलं नव्हतं. मग गेले. साताऱ्याकडच्या एका कारखान्याच्या परिसरात दोन दिवस राहिले. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वरून पाचट नाहीतर ताडपत्री, आत वाकूनच जायचं. जमिनीवर चूल, पाण्याची घागर, अंथरूण. रिकामी जागा एकच होती, वरच्या बांबूची. तिथे तान्ह्या बाळाची झोळी बांधलेली होती आणि तिला झोका देत एक सात वर्षांची पोरगी बसली होती. आमच्या मालाचा आकार मला तिथे सापडला.

जाड कापडाची झोळी, वर दोन नाड्या, बांबूला बांधायची. आत गणितमाळ, दशकाचे दांडे, अक्षरपट्ट्या, दहा छोटी पुस्तकं, पाटी आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर गावच्या गुरुजींनी लेकराला काय येतं ते दोन ओळींत लिहायचं, म्हणजे तिकडच्या शाळेत गेलं तर तिथल्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून चाचपावं लागत नाही. शिवणकाम गावातल्या तिघीजणी करतात. त्यातल्या दोघी आधी कोयत्यावर जायच्या. झोळीची लांबी त्यांनीच चार बोटं कमी करायला लावली, चुलीच्या धगीपासून वर राहावी म्हणून.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. शाळा बंद, ऑर्डर बंद, टोळ्या कारखान्यांवर अडकलेल्या. आम्हाला वाटलं संपलं. पण पुढच्या हंगामात शाळांनीच विचारलं, तुमची ती टांगायची झोळी आहे का? त्या वर्षी साठ गेल्या. एकेचाळीस वह्या भरून परत आल्या. मी त्या सगळ्या वाचल्या आहेत. एकीत रोजच्या मोळ्यांचा हिशेब होता, बापानं सांगितलेला आणि लेकीनं मांडलेला. मुकादमाच्या आकड्याशी तो जुळला नाही तेव्हा बापानं वही पुढे केली.

लोक मला विचारतात, एवढ्यानं काय होणार आहे? मला आमच्या अंबाजोगाईची आठवण येते. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले ते नंतर, आधी ते हिप्परग्याला आणि मग इथे शिक्षक होते. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला आणि 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्या वेळी इथे काय होतं? शाळा मोजक्या, बहुतेकांच्या घरात अक्षरशत्रू पिढ्या. माझे आजोबाही अंगठा उठवत. तरी त्या माणसांना इथे विद्यार्थी दिसले. त्यांच्यापुढे माझी अडचण लहान आहे. माझ्याजवळ कायदा आहे, शाळा आहेत, मोबाइल आहे, वडिलांचं मशीन आहे.

मला वाटतं, येत्या पाच वर्षांत आमच्या तालुक्यातलं एकही लेकरू रिकाम्या हातानं गाडीत चढणार नाही. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांनी दसऱ्याआधी कोण जाणार, कुठे जाणार याची यादी करायला हवी. आठ गावांत ती होऊ लागली आहे. त्या पुढे मला हवं आहे की सातवी-आठवीतल्या मुलींना ‘एकटी कशी ठेवायची’ म्हणून नेलं जाऊ नये, आणि तिकडे नेऊन लगेच लग्नही उरकलं जाऊ नये. याला झोळी पुरणार नाही हे मला कळतं. चांगलं वसतिगृह लागेल, आईला विश्वास वाटेल अशी बाई तिथे लागेल. त्यासाठी आम्ही नफ्यातला दहावा हिस्सा दोन वर्षं बाजूला काढतोय.

47 लिहिणारी ती मुलगी यंदा दहावी झाली. मे महिन्यात वर्कशॉपला आली होती. सुट्टीत मणी ओवायचं काम मागत होती. बाबांनी तिला खराद मशीनवरच उभं केलं. पहिल्या दिवशी तिनं बाभळीचे तीस मणी कातले, त्यातले एकोणतीस चांगले निघाले. तिनं फळीवर खडूनं आकडा लिहिला तो बाबांनी अजून पुसलेला नाही.

आज सकाळी धारूरकडच्या शाळांसाठी अडतीस झोळ्या टेम्पोत चढवायच्या आहेत. नाड्यांची दोरी कमी पडली आहे. ती आणायला आई बाजारात गेली आहे.