ग्रूट कॉन्स्टन्शिया, स्केल 1:100 : भिंती उभ्या, छप्पर अर्धं

ग्रूट कॉन्स्टन्शिया या दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या जुन्या वाइन इस्टेटीवरच्या घराचं मॉडेल करतोय, त्याचं काम बऱ्यापैकी सरकलं आहे. भिंती उभ्या आहेत, दर्शनी गेबल (दारावर छपरापेक्षा उंच नेलेली नक्षीदार भिंत) बसली, छपराचा पुढचा पाखा शाकारून झाला, मागचा बाकी. साल कुठलं धरलंय ते आधी सांगतो, कारण या घरात सगळा घोळ सालाचाच आहे.

ग्रूट कॉन्स्टन्शिया म्हटलं की सिमॉन फान देर स्टेलचं नाव निघतं. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा केपमधला मुख्य अधिकारी. 1685 मध्ये त्याला ही जमीन मिळाली आणि 1712 मध्ये वारेपर्यंत ती त्याच्याकडेच होती. (त्याच्या आईची आई मोनिका ही गोव्याच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून सुटलेली बाई. केपच्या इतिहासात हे सरळ नोंदलेलं आहे, आपल्याकडे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.) पण आज फोटोत दिसतं ते घर त्याचं नव्हे. त्याच्या मागे इस्टेटीचे तुकडे पडले, मालक बदलत गेले, आणि 1778 मध्ये हेंड्रिक क्लूटेने घर असलेला हा तुकडा विकत घेतला. त्याने मळे नव्याने लावले. इथल्या गोड वाइनचा एवढा बोलबाला झाला की पुढे सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही तीच लागायची. उंच, वळणदार गेबल क्लूटेच्याच काळातल्या. मग 1925 च्या डिसेंबरात छप्पर पेटलं आणि घर जळालं. एफ. के. केंडॉल या आर्किटेक्टने क्लूटेच्या काळातलं रूप डोळ्यांसमोर ठेवून ते पुन्हा उभारलं. म्हणून मीही 1791 नंतरची, म्हणजे घरामागचं वाइन कोठार झाल्यानंतरची काही वर्षं धरली आहेत. फान देर स्टेलचं घर करायला गेलो असतो तर अर्धंअधिक मनानेच रचावं लागलं असतं.

आता गेबल. नुसती शोभा म्हणून ती पाहू नका. केपची ही घरं गवती छपराची. आग लागली की जळतं गवत वळचणीवरून खाली घसरतं, आणि नेमकं दारात पडलं तर आतल्यांची वाट बंद. दारावरची भिंतच छपरापेक्षा उंच नेली की तेवढ्या जागी वळचण राहत नाही. दुसरा बंदोबस्त माळ्यावर असे: फळ्यांवर माती किंवा विटांचा थर, म्हणजे वर आग असली तरी खालच्या खोल्यांना थोडी उसंत. माझं छप्पर उचलून बाजूला ठेवता येतं, म्हणून हा थरही करतोय, चाळलेली माती आणि पातळ फेव्हिकॉल. बघणाऱ्यांपैकी कुणी छप्पर उचलेल का, शंका आहे.

गेबल माउंटबोर्डाच्या (जाड पुठ्ठ्याच्या) तीन पदरांची आहे. वळणं कटरने एका दमात कापू नका, हात फिरवत हळूहळू या आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. वरच्या कोनाड्यात समृद्धीची मूर्ती आहे. ती एम-सीलची केली, टाचणीने घड्या काढल्या. चेहरा मुद्दाम सोडला. या स्केलला नाकडोळे काढले की बाहुली दिसते.

भिंतींना 5 मिमी सनबोर्ड (फोमची कडक शीट). अर्धा मीटर जाडी त्यात बरोबर बसते आणि खिडक्या आत गेलेल्या दिसतात, जे या घरांत फार महत्त्वाचं. वरून लांबीचा (पुट्टीचा) पातळ हात बोटाने फिरवला. खऱ्या भिंतींना शिंपले जाळून केलेला चुना लागायचा, त्यामुळे डबीतला कडक पांढरा तसाच देऊ नका, चिमूटभर पिवळी माती मिसळा. कोपरेही किंचित घासून घ्या.

छपराला तागाची सुतळी. उलगडायची, जुन्या कंगव्याने विंचरायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि वळचणीकडून आढ्याकडे चढत जायचं, खरे शाकारणारे जातात तसं. जाडी 3 मिमीच्या आत ठेवा. वाळल्यावर वळचण नव्या ब्लेडने सरळ कापायची. केपमधलं छप्पर चांगलं चापून बसवलेलं असतं. कडा पिंजारलेली राहिली की घराची पार झोपडी होते. आढ्यावर गिलाव्याची पट्टी येईल, मागचा पाखा झाल्यावर.

माणसं ठेवायची का, हे मात्र ठरलं आहे: ठेवायची, आणि मळ्यात राबणारी. केपमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1834 मध्ये, आणि त्यानंतरही सक्तीच्या उमेदवारीची चार वर्षं गेली. क्लूटेची वाइन गुलामांच्या कष्टावर उभी होती, आणि केपला आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार, कोरोमंडलची माणसंही होती. ओट्यावर फक्त मालक उभा केला तर देखावा खोटा ठरेल.

पुढचं अवघड काम म्हणजे घरामागचं 1791 चं वाइन कोठार. ते तळघर नव्हे, जमिनीवरच आहे. आराखडा आर्किटेक्ट लुई तिबोचा मानतात. दर्शनी त्रिकोणात शिल्पकार आंतोन आन्राइटचं गिलाव्यातलं शिल्प आहे: देवांना मद्य देणारा गॅनिमीड, गरुड आणि भोवती दंगा घालणारी गुटगुटीत पोरं. माझ्या स्केलला ही पोरं जवळपास मुंगीएवढी येतात. एम-सील लवकर कडक होतं, एवढा उठाव त्यात जमेलसं वाटत नाही. कागदाच्या लगद्यात किंवा मेणात कुणी उठावाचं काम केलं असेल तर हत्यारं कुठली वापरलीत ते जरूर सांगा, सुरुवात त्याशिवाय करणार नाही.