पुण्याहून शिफ्ट व्हायचंय, गोवा की बेळगाव?

"तिथे रिक्षावाल्याशी मराठीत बोलता येईल ना रे मला?" आईनं काल रात्री एवढंच विचारलं.

मी आणि बायको तासभर हिशोब करत बसलेलो, इन्कम टॅक्स काय देशभर सारखाच, आपला वर्षाचा 2500 रुपये प्रोफेशनल टॅक्स गोव्यात नाही, पण गाडी 12 महिन्यांच्या वर तिकडे ठेवली की नवा नंबर, परत रोड टॅक्स, आणि इथला भरलेला परत मिळवायला आरटीओच्या चकरा.

आईचा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसेना. मराठी बेळगावात आहेच, म्हापशातही चालून जाईल. पण रोज सकाळी सारसबागेत भेटणाऱ्या तिच्या चौघी मैत्रिणी? रात्रभर तेच डोक्यात.

आईवडिलांना घेऊन असं कुणी शिफ्ट झालंय का? रमले का ते तिथे?