अपघाती टपाल: सोळापैकी अकरा पानं

टपाल-प्रदर्शनासाठी सोळा पानं लावतोय. मागची नोंद टाकली तेव्हा सहा पानं झाली होती. आता अकरा झालीत, पण त्यातली चार मी सोडवून पुन्हा लावली. पंधरा दिवस त्यातच गेले.

विषय तोच, इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या इंग्लंड-हिंदुस्थान टपालाचे अपघात. ३० मार्च १९२९ला क्रॉयडनहून पहिली फेरी निघाली. बाझलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क रेल्वे, मग भूमध्य समुद्रावरून फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, आणि इजिप्तपासून कराचीपर्यंत तीन इंजिनांचं हर्क्युलिस विमान. मुंबईची पत्रं कराचीला आगगाडीनेच जायची. कराचीहून टपाल घेऊन जेआरडींचं छोटं पस मॉथ विमान जुहूला उतरलं ते १५ ऑक्टोबर १९३२ला. (त्या फेरीच्या कव्हरांचे, म्हणजे टपालातून गेलेल्या पाकिटांचे, भाव हल्ली विचारूच नका.)

आधी पानं तारखेप्रमाणे लावली होती. तशी लावली की सगळे अपघात सारखेच दिसतात. आता कारणाप्रमाणे लावतोय. परीक्षकांना रुचेल की नाही, बघू.

पहिलं कारण अंधार. सप्टेंबर १९२९, सेवा सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. ‘सिटी ऑफ जेरुसलेम’ हे हर्क्युलिस इराणच्या किनाऱ्यावर जास्कला रात्री उतरताना आपटलं आणि पेटलं. वैमानिक वुडब्रिज त्यात गेला. १९१७मध्ये जर्मन लढाऊ वैमानिक रिश्टहोफेनला, म्हणजे ‘रेड बॅरन’ला, हवेत जखमी करण्याचं श्रेय ज्याला देतात तोच हा. युद्धातून वाचला आणि टपाल नेताना गेला.

दुसरं कारण लिहायला मला सगळ्यात जड गेलं. २६ ऑक्टोबर १९२९, ‘सिटी ऑफ रोम’. आपल्याकडून लंडनला निघालेलं टपाल घेऊन ही फ्लाइंग बोट नेपल्सहून जिनोआकडे चालली होती. इटलीच्या किनाऱ्यावर स्पेझियाजवळ वादळात समुद्रावर उतरावं लागलं. उतरली धड. एका जहाजाने दोर बांधून ओढायलाही घेतली. रात्री दोर तुटला. सातही माणसं गेली. या पानाला मी ‘वादळ’ असं नाव दिलं होतं, ते खोडून ‘दोर’ केलं.

वाळवंटाचं पान मात्र लवकर उरकलं. कैरो-बगदाद वाटेवर वैमानिक चुकू नयेत म्हणून ब्रिटिश हवाई दलाने १९२१मध्ये जमिनीवर गाड्यांची चाकोरी पाडली आणि काही ठिकाणी नांगराचं तास मैलोन् मैल ओढलं. वरून ते तास बघत उडायचं. नकाशावर तेवढी एक रेघ काढली, पान झालं.

तिसरं कारण इंधन, आणि इथे माझं नवं कव्हर. ३१ डिसेंबर १९३५च्या रात्री ‘सिटी ऑफ खार्टूम’ या फ्लाइंग बोटीची तिन्ही इंजिनं अलेक्झांड्रियाच्या अगदी तोंडाशी येऊन बंद पडली. तेरापैकी एकटा वैमानिक वाचला. टपाल नंतर समुद्रातून काढलं. माझ्या कव्हरावर तिकीट नाही, डिंक विरघळून गेलंय. शिक्क्याची अर्धीच गोलाई उरलीय आणि जिथे तिकिटाची कड होती तिथे ती सुरीने कापल्यासारखी थांबते. शाईने लिहिलेलं नाव निळ्या ढगासारखं पसरलंय, खाली कुणीतरी पेन्सिलीने काढलेला आकडा मात्र स्वच्छ वाचता येतो. एका मित्राने सुचवलं, त्या काळचं तिकीट मिळतंय, लावून टाक, भरल्यासारखं दिसेल. त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

आता खरी अडचण. जुलैत अल्बम उघडला तर बाकी कव्हरं ठीक, हे एकच हाताला दमट. आधी वाटलं कव्हराची प्लास्टिकची पिशवी फाटली असेल. मग ट्यूब पेटली: समुद्राचं मीठ अजून कागदात आहे आणि ते पुण्याच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतंय. मागच्या बाजूला तांबूस ठिपके दिसायला लागलेत.

धुतलं तर मीठ जाईल, पण उरलीसुरली शाईही जाईल आणि शिक्क्याचं काय होईल सांगता येत नाही. सध्या ते वेगळ्या डब्यात, टिपकागदात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत ठेवलंय. दर रविवारी पुड्या बदलतो. प्रदर्शनाच्या फ्रेममध्ये त्या जागी छायाप्रत लावलीय, मूळ कव्हर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की बसवेन. कुणी खाऱ्या पाण्यातलं कव्हर सांभाळलं असेल तर पुड्या किती दिवसांनी बदलता ते कळवा.