पिस्तुलाचा सीन: कागदपत्रं झाली, रिहर्सल बाकी

गोळीबाराच्या सीनचं गाडं एकदाचं पुढे सरकलं. ब्लँक, म्हणजे गोळीशिवायचं, नुसत्या दारूचं काडतूस वापरायचं नाही, हे सगळ्यात आधी ठरवून टाकलं. "त्यात गोळीच नसते, मग काय होतंय?" असं विचारणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, आमच्यातही आहे. गोळी नसली तरी बंदुकीची दारू खरीच असते आणि तापलेला वायू नळीतून जोरात बाहेर येतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्याने सेटवर गमतीत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्वर कानशिलाला लावून चाप ओढला, आणि त्यातच तो गेला. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन लीच्या बाबतीत डमी काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. पुढे झाडलेल्या ब्लँकने ती बाहेर फेकली आणि त्याचा जीव गेला. तेव्हा वाद संपला.

आमच्याकडे आता दोनच पिस्तुलं आहेत. धावपळीला आणि पडापडीला रबरी, क्लोजअपला गॅस काढून टाकलेलं एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणारी, खऱ्यासारखी दिसणारी नक्कल). गोळी सुटताना नळीच्या तोंडाशी उडणारा भडका एडिटमध्ये टाकणार. सेकंदाला २४ फ्रेमच्या फुटेजमध्ये तो एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरताच दिसतो, त्यामुळे भडक्यापेक्षा चेहऱ्यावर आणि भिंतीवर पडणारा उजेड महत्त्वाचा. त्यासाठी चाप ओढला की कॅमेऱ्याबाहेरून छोटा एलईडी लुकलुकवतो. रबरी पिस्तुलाला वजन नसल्याने नट ते खेळण्यासारखं फिरवतो, त्याच्या मनगटावर अजून मेहनत घ्यावी लागेल.

विम्याने जास्त वेळ खाल्ला. थोड्या दिवसांच्या पॉलिसीत शस्त्रं आणि स्फोटक इफेक्ट बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि ते कलम शेवटच्या पानांत दडलेलं असतं. एजंट फोनवर "चालेल हो" म्हणाला. आम्ही ते लेखी मागितलं, तेव्हा कुठे खरे प्रश्न आले: ब्लँक आहे का, धूर आहे का, शस्त्र कोणाच्या ताब्यात राहणार? "न झाडता येणारी नक्कल" असं स्पष्ट लिहून दिल्यावर या सीनलाही विमा लागू करणारं कलम जोडून मिळालं. जागेच्या मालकाचं नावही पॉलिसीत घालून घ्या, तो मागतोच.

पोलिसांना पत्र दिलंय: तारीख, वेळ, जागा, नकली शस्त्रं किती, जबाबदार माणसाचा फोन. शेजाऱ्यांनाही कळवलंय. खिडकीतून बघणाऱ्याला आपला कॅमेरा दिसेलच असं नाही, आणि त्याच्या फोनवर धावत येणाऱ्या पोलिसांना तर नकली-खरं लांबून ओळखताच येत नाही. म्हणून नटांना एकच सांगून ठेवलंय: ते आले की पिस्तूल खाली ठेवायचं, हात दिसतील असे धरायचे, संवाद बिंवाद विसरायचे. पिस्तूल नकली असल्याची खूण असलेला नळीच्या टोकाचा केशरी रंग आम्ही तसाच ठेवलाय. रंगवून टाकायच्या आधी तुमच्याकडचा कायदा बघा. आम्ही तो एडिटमध्येच पुसणार.

सेटवर शस्त्रं कुलूपबंद पेटीत, किल्ली एकाच माणसाकडे. प्रत्येक टेकआधी तोच शस्त्रं सगळ्यांसमोर उघडून रिकामी दाखवणार. २०२१ मध्ये सेटवर सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्सचा जीव गेला त्या रिव्हॉल्वरमध्ये खरं काडतूस निघालं होतं, त्यामुळे 'आपलं तर नकलीच आहे' हे कारण आमच्याकडे चालत नाही.

भडक्याची टेस्ट पुढच्या वेळी दाखवतो. काडतुसाचं रिकामं टरफल उडताना दाखवायचं की नाही, यावर एडिटरशी अजून जुंपलेली आहे.