राजहंसगडचा गेम, तिसरा आठवडा: मुक्काम मिंटवर

मंडळी, बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्यावर मी जो गेम बनवतोय, त्यासाठीची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आवृत्ती, ठरली. लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. मशीन जुनंच आहे: जीटीएक्स १०५० टीआय, ८ जीबी रॅम, २४० जीबीचा एसएसडी. दिवसा गोडॉट (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), रात्री तासभर स्टीमवरचे गेम, एवढंच त्याच्याकडून हवंय.

आधी बॅझाइट लावलं होतं, खेळणाऱ्यांसाठीची डिस्ट्रो. नुसतं खेळायचं असेल तर बेलाशक तेच घ्या. स्टीम आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर तयारच येतो. पण मूळ सिस्टीमला हात लावता येत नाही, कंपायलरसारखं काही हवं तर कंटेनरमधून, म्हणजे सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यातून, जावं लागतं. गेम बनवायला नुकतं बसलेल्याला तो फेरा जड जातो. नोबारा ही दुसरी डिस्ट्रोही दोन दिवस पाहिली, छान पळाली. तरी मिंट निवडलं, कारण ते उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार. ड्रायव्हर मॅनेजर उघडला, सुचवलेला ड्रायव्हर निवडला, रीस्टार्ट. झालं.

स्टीमवर मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरचे (डिस्कच्या विंडोज-पद्धतीच्या भागावरचे) गेम तसेच वापरू म्हटलं, तर प्रोटॉनचा, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनाचा, एकही गेम उघडेना. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखं फोल्डर उभारतो, त्यात 'सी:' नावाची लिंक असते, आणि एनटीएफएसवर तिथेच गाडी अडते. गेमची लायब्ररी ईएक्सटी४ या लिनक्स-पद्धतीच्या पार्टिशनवर हलवली, सगळे चालू. धाकट्या भावाचं व्हॅलोरंट तेवढं विंडोजवरच राहिलं. त्या गेमचं अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्राम) लिनक्सवर चालत नाही. गेम विकत घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का हे सांगणारी प्रोटॉनडीबी साइट बघाच.

मंगळवारी धो धो पाऊस, आणि ड्रायव्हरचं अपडेट चालू असताना लाईट गेली. परत आली तेव्हा काळा पडदा. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून टर्मिनल गाठलं, टाइमशिफ्ट या साधनाने जपलेला आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची प्रत, परत आणला, वीस मिनिटांत डेस्कटॉप समोर. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लावाच. फक्त ते आपणहून होम फोल्डर, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइल्स, धरत नाही. प्रोजेक्ट गिटवर (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. गडावरच्या पाट्या मला मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत हव्यात. पायथ्याच्या येळ्ळूर गावाकडून चढणारा पोरगा दोन्ही वाचतो, मग गेममध्ये एकच का? गोडॉट ३ मध्ये 'किल्ला' लिहिलं की वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ल-चा पाय मोडका दिसायचा. गोडॉट ४ मध्ये अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ करतं. नोटो सान्स देवनागरी मुख्य फॉन्ट, त्यात नसलेल्या अक्षरांसाठी नोटो सान्स कन्नड फॉलबॅक, एवढं लावलं आणि 'किल्ला' नीट उमटला. खाली कन्नड 'बेट्ट' (डोंगर), त्यातलं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर, बरोबर ट-च्या पायाशी. किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

गोडॉटचा रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कम्पॅटिबिलिटी ठेवलाय. टूडीला पुरतो आणि वेब एक्सपोर्टलाही तोच लागतो. पाट्यांमधलं कन्नड शेजारच्या अक्कांकडून तपासून घेतोय, दोन शब्द त्यांनी बदलायला लावले. पुढच्या आठवड्यात बुरुजाजवळच्या ओल्या दगडांवरून पाय घसरण्याचं गणित. कुणी गोडॉटचं मूव्ह अँड स्लाइड फंक्शन वापरून घसरण जमवली असेल तर घर्षण कसं धरलं ते सांगा.