तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मुलगे असेच असतात’ का?

पालकसभा घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधली असो की नौपाड्यातल्या जुन्या बालवाडीतली, शेवटी कोणीतरी विचारतंच: “मॅडम, मुलगा-मुलीच्या वागण्यातला फरक जन्मजात की आपण लावलेलं वळण?” उत्तर एका शब्दात हवं असतं, आणि तेही घरी सासूबाईंना ऐकवता येईल असं. ‘दोन्ही’ म्हटलं की मी अंग काढून घेतेय असं वाटतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

“मुलगा आहे, टेस्टोस्टेरॉन असणारच” हे आधी निकालात काढू. गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून मुलग्यात हे पुरुषी हार्मोन वाढतं, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उसळतं. मग वयात येईपर्यंत मुलगा-मुलगी दोघांच्याही रक्तात ते नाममात्र असतं. पाच वर्षांच्या चिरंजीवांनी सोफ्यावरून उडी मारली तर दोष त्या दिवशीच्या हार्मोनचा नाही. गर्भातल्या उसळीचा ठसा मात्र राहतो. सीएएच नावाच्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या जन्मजात आजारात मुलींना पोटात असतानाच पुरुषी हार्मोन जास्त मिळतं आणि पुढे त्या गाड्या, ठोकळे इतर मुलींपेक्षा जास्त निवडतात. त्यांतल्या बहुतेकजणी स्वतःला मुलगीच मानतात, पण खेळणी बदलतात. सगळं खापर वळणावर फोडणाऱ्यांना, म्हणजे आमच्याच गटाला, हे गिळावं लागतं.

गिळायला याहून जड आहे ती कॅनडातल्या विनिपेगची हकिकत. १९६५ साली तिथे जुळे मुलगे जन्मले. आठव्या महिन्यात सुंता करताना विजेच्या उपकरणाने त्यांतल्या ब्रूसचं लिंग जळालं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ जॉन मनी तेव्हा ठामपणे सांगत की लहानपणी मूल जसं वाढवाल तसं ते स्वतःला मानेल. बाविसाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, ब्रूसची ब्रेन्डा झाली. फ्रॉक, बाहुल्या, पुढे इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन. आणि तुलनेला घरातच तीच जनुकं असलेला भाऊ. मनींनी प्रयोग यशस्वी म्हणून छापला, पाठ्यपुस्तकांनी उचलला. घरात मात्र ब्रेन्डा फ्रॉक ओरबाडायची, उभ्याने लघवी करायची, शाळेत एकटी पडायची. १९८० साली वडिलांनी खरं सांगितलं आणि ब्रेन्डाने डेव्हिड हे नाव घेतलं. संशोधक मिल्टन डायमंड आणि मानसोपचारतज्ज्ञ कीथ सिगमंडसन यांनी १९९७ साली हे सगळं उघड केलं. २००४ साली डेव्हिडने आत्महत्या केली. तो ३८ वर्षांचा होता.

“म्हणजे वळणाला अर्थ नाही!” असं इथे हमखास कोणीतरी म्हणतं. थांबा. जवळजवळ दोन वर्षं तो मुलगा म्हणूनच वाढला होता, आईबापांना सगळं ठाऊक होतं, दवाखान्याच्या वाऱ्या चालूच होत्या. १९९८ साली अशाच अपघाताची दुसरी नोंद आली. तिथे मुलगी म्हणून वाढवायचा निर्णय सातव्या महिन्यापर्यंतच झाला होता, आणि ती व्यक्ती मोठेपणीही स्वतःला बाईच मानत होती; काम मात्र पुरुषांचं समजलं जाणारं करायची. दोन माणसांवरून काय सिद्ध करणार? शिवाय ‘मी कोण’ हा एक प्रश्न आणि ‘जेवल्यावर ताट कोणी उचलायचं’ हा दुसरा. डेव्हिडच्या दुःखावरून तुमच्या लेकाला भांडी घासण्यातून सूट मिळत नाही.

आता वळणाची बाजू. ११ महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना एका प्रयोगात विचारलं: तुमचं बाळ किती तीव्र उताराची फळी रांगत उतरेल? मुलींच्या आयांनी कमी अंदाज दिला, मुलग्यांच्या आयांनी जास्त. प्रत्यक्षात दोघं सारखीच रांगली. उपवनच्या बागेत घसरगुंडीखाली उभं राहून ‘जपून गं’ आणि ‘मार उडी’ ऐका. खेळण्यांच्या दुकानात तर वय विचारायच्या आधी “मुलगा की मुलगी?” होतं. वय सांगा, पुढचं सांगू नका. ठोकळे, कोडी, चेंडू तीन वर्षांच्या आत दोघांच्याही हातात पडू देत. एकदा का ‘हे मुलींचं’ हा शिक्का कळला की मूल स्वतःच हात मागे घेतं.

माझ्यातली जुनी कार्यकर्ती म्हणते, एवढं पुरे, जन्मजात वगैरे बोलूच नकोस, लोक सोयीपुरतं उचलतात. तिचं अगदीच चुकत नाही. मारामारीत मुलगे सरासरीने पुढे असतात, पण फरक मध्यम आहे: कोणताही एक मुलगा आणि एक मुलगी घ्या, मुलगी जास्त मारकुटी निघण्याची शक्यता तिनात एकहून थोडी जास्तच. हे सांगितलं तरी घरी जाताना “मॅडमच म्हणाल्या, मुलगे असेच असतात” एवढंच उरतं.

बोलण्याचंही तसंच. मुली सरासरीने थोड्या आधी बोलतात, हे खरं. पण दीड वर्षाचा मुलगा एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर “मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही तसेच होते” म्हणत बसू नका. आधी कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना विकास तपासायला सांगा. कमी ऐकू येण्याला मुलगा-मुलगी कळत नाही.